पिकअपखालून ‘टक्क’ आवाज येतोय? हौसिंग उघडायच्या आधी हे तपासा



मागे माल भरलाय, तुम्ही पहिला गिअर टाकून क्लच सोडता आणि गाडीखालून ‘टक्क’ आवाज येतो. रिव्हर्स टाकला की पुन्हा तेच. एकदा रस्त्याला लागलं की सगळं शांत. मग आपण म्हणतो, चालतंय ना, पुढच्या महिन्यात बघू.

व्यवसायाच्या गप्पांमध्ये आज गॅरेज कुठून आलं, असं वाटेल. पण ज्याच्याकडे एकच पिकअप आहे आणि तिचा हप्ता चालू आहे, त्याच्यासाठी गाडी गॅरेजला लागली म्हणजे दुकानाचं शटर खाली. भाडं बुडतं आणि ठरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीला फोन लावतं.

माझ्या पहिल्या गाडीला हाच आवाज होता. गॅरेजवाल्याने गाडीखाली न जाताच ‘हौसिंग गेलं’ म्हणून सांगितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. क्राऊन-पिनियन बदललं, चार दिवस गाडी बंद, बिल उसन्या पैशांनी भरलं. गाडी बाहेर काढली, पहिला गिअर टाकला, आणि टक्क! शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीने प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला. दोन तासांचं काम, पार्ट काही शे रुपयांचा.

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत इंजिन पुढे असतं आणि जोर जातो मागच्या चाकांना. तो नेण्यासाठी खालून लांब दांडा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. गाडी लांब असेल तर दांडा दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. खड्ड्यात मागचा एक्सल वर-खाली होतो, म्हणून दांड्याच्या जोडांवर अधिकच्या चिन्हासारखे क्रॉस बसवलेले असतात. क्रॉसच्या चार टोकांवर टोप्या, टोप्यांमध्ये सुईसारखे बारीक रोलर. तिथलं ग्रीस संपलं की रोलर झिजतात, जागा मोकळी होते, आणि जोराची दिशा बदलली की लोखंडावर लोखंड आपटतं. तोच तुमचा टक्क.

मिस्त्रीकडे जाण्याआधी दोन दिवस एकच काम करा, आवाज नेमका कधी येतो ते लिहून ठेवा. गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकच ठोका येत असेल तर संशय क्रॉस, शाफ्टच्या सरकत्या जोडाचे दाते किंवा ढिले यू-बोल्ट यांच्यावर. गाडी हळू असताना पक्ष्यासारखं ‘चूं चूं’ वाजत असेल तर क्रॉस कोरडा पडलाय. भरलेली गाडी उचलताना खालून थरथर येत असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर बघा. वळताना खडखड होत असेल किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर सारखा ‘घूं’ असा आवाज येत असेल, तेव्हा मात्र हौसिंगचा विषय खरा असू शकतो. आणि फक्त खड्ड्यातच आवाज येत असेल तर तो पाट्यांचा, बुशचा किंवा शॉकअपचा. त्यासाठी शाफ्टला हात लावायचं काहीच कारण नाही.

आता खाली जाऊन बघायचं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना दगड किंवा ठोकळे, इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात आणि गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घाईत हे करणारे मी पाहिलेत, म्हणून सांगतोय.

क्रॉसच्या दोन्ही बाजूंना एकेक हात धरा आणि उलट दिशांना पिळा. क्रॉसमध्ये हाताला प्ले जाणवला की तो गेला. टोप्यांभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली तरी तेच. मग पूर्ण शाफ्ट हाताने थोडा फिरवून बघा. इथे थोडा प्ले लागणारच, कारण हौसिंगच्या गिअरमध्ये तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. नेमका हाच प्ले दाखवून नवख्या माणसाला घाबरवलं जातं. शेवटी यू-बोल्टचे नट पान्ह्याने तपासा. ते ढिले असले तर जोर लागताच एक्सल पाट्यावर पिळला जातो आणि आवाज अगदी क्रॉससारखाच येतो. नुसते आवळून काम झालं तर खर्च जवळपास शून्य.

निप्पल असेल तिथे ग्रीस गन लावा आणि चारही टोप्यांमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. सरकत्या जोडालाही ग्रीस द्या. पण आधीच प्ले आलेला क्रॉस ग्रीसने बरा होत नाही, आवाज थोडे दिवस दबतो इतकंच.

क्रॉस बदलायचा ठरला तर शाफ्ट खोलण्याआधी सगळ्या जोडांवर खडूने किंवा रंगाने खुणा करायला लावा, आणि समोर उभे राहा. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक मिटवतो. शाफ्ट चुकीच्या दात्यावर बसला की हा मेळ बिघडतो. मग टक्क जातो, पण गाडी वेगात थरथरू लागते आणि तुम्ही पुन्हा गॅरेजच्या दारात.

जास्त माल बसावा म्हणून जादा पाटा टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, मागची बाजू उचलली की शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर झिजतात. गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकण्याची सवयही त्यांना मारते. गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला हे सांगा, रागावून नको.

आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’चं काय? नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाट उतरताना क्रॉस तुटला, तर चाकांचा इंजिनशी संबंधच तुटतो. गिअरमध्ये ठेवून गाडी धरायची सोय गेली. मोकळा झालेला दांडा खाली आपटत फिरतो, आजूबाजूच्या ब्रेकच्या पाइपलाही मार बसू शकतो. म्हणून प्ले सापडला असेल तर घाटाचं भाडं त्या दिवशी घेऊ नका. उद्या सकाळी गाडी रिकामी आणि हळू चालवत गॅरेजला न्या, आवाजाची ती चिठ्ठी मिस्त्रीच्या हातात द्या आणि काढलेला जुना क्रॉस परत मागून घ्या.