आयसोअमाइल ॲसिटेट

आयसोअमाइल ॲसिटेट हे पिकलेल्या केळ्यासारखा तीव्र गंध असलेले सेंद्रिय संयुग आहे. रासायनिक वर्गीकरणानुसार ते एस्टर असून खाद्यपदार्थांतील स्वादद्रव्य, सुगंधी द्रव्यांतील घटक आणि विद्रावक म्हणून वापरले जाते. व्यवहारात त्यास ‘बनाना ऑइल’ म्हणतात. मात्र बाजारात मिळणारे हे द्रव्य सहसा केळ्यांपासून काढलेले नसते आणि रासायनिक अर्थाने ते तेलही नाही.

गुणधर्म

याच्या रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे १४ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. हा रंगहीन, बाष्पनशील द्रव सुमारे १४२° से. तापमानास उकळतो. तो पाण्यात अत्यल्प, तर अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो.

नैसर्गिक आढळ

केळे पिकताना त्यातील ल्युसीन या ॲमिनो आम्लापासून प्रथम आयसोअमाइल अल्कोहोल व नंतर हे एस्टर तयार होते. म्हणूनच कच्च्या केळ्यास हा वास नसतो. मधमाशीच्या नांगीतून बाहेर पडणाऱ्या धोकासूचक गंधातही हे संयुग असल्याचे १९६२ मध्ये सिद्ध झाले. त्या गंधाने पोळ्यातील इतर माश्या आक्रमक होतात. त्यामुळे केळे खाऊन मधपेट्या हाताळू नयेत, असे मधपाळांना सांगितले जाते.

उसाच्या मळीपासून एस्टरपर्यंत

भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या पाण्यावर शिरूर आणि दौंड तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर ऊस पिकतो. न्हावरे, पाटस, आलेगाव आदी ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले आहेत. साखर काढल्यानंतर उरणाऱ्या मळीचे आसवनीत यीस्टच्या साहाय्याने किण्वन केले की मद्यार्क मिळतो. त्याबरोबर अल्प प्रमाणात ‘फ्युझेल तेल’ हे जड अल्कोहोलांचे मिश्रण वेगळे होते. आयसोअमाइल अल्कोहोल हा त्यातील प्रमुख घटक होय. यीस्टही तो ल्युसीनपासूनच बनवते; म्हणजे केळे आणि आसवनी यांतील रासायनिक वाटचालीचा आरंभ एकच आहे.

हे अल्कोहोल वेगळे करून ॲसेटिक आम्लाबरोबर तापवतात. सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरकाचे काम करते. अभिक्रिया उभयगामी असल्याने तयार होणारे पाणी काढून टाकल्यास किंवा एक घटक जास्त घेतल्यास उत्पादन वाढते. शेवटी उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने धुऊन ऊर्ध्वपातनाने शुद्ध एस्टर मिळवतात. आम्लाच्या साहाय्याने एस्टर बनवण्याची ही पद्धत एमिल फिशर व आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये वर्णिली. दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतही विविध सुगंधी रसायनांचे उत्पादन होते.

उपयोग

गोळ्या, आइस्क्रीम, शीतपेये व औषधी पातळ मिश्रणे यांत केळ्याचा किंवा नासपतीचा स्वाद आणण्यासाठी याचा अत्यल्प अंश पुरतो. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनात असे कृत्रिम फळस्वाद मांडले गेले होते. लॅकर व रंगांत ते विद्रावक म्हणून वापरतात. श्वसनमुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, हे तपासण्यासाठीही त्याचा वास उपयोगी पडतो: मुखवट्याच्या आत केळ्याचा वास आला, तर हवा गळत आहे असे समजतात.

नैसर्गिक की कृत्रिम?

फळातील व कारखान्यातील आयसोअमाइल ॲसिटेटचा रेणू एकच असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमावलीत स्वादद्रव्यांचे नैसर्गिक, निसर्गसदृश व कृत्रिम असे तीन वर्ग केले आहेत. प्रयोगशाळेत बनवलेला, पण निसर्गातही आढळणारा पदार्थ निसर्गसदृश ठरतो. तथापि केळ्याच्या गंधात इतरही अनेक संयुगे असतात. म्हणून केवळ या एस्टरचा स्वाद असलेली गोळी खऱ्या केळ्याहून वेगळी लागते, आणि तिच्यातून केळ्याचे पोषणमूल्यही मिळत नाही.

सुरक्षितता

वास ओळखीचा व गोड असला, तरी शुद्ध द्रव ज्वालाग्राही आहे. सुमारे २५° से. तापमानास त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. दौंड-शिरूर भागातील उन्हाळ्याचे तापमान याहून पुष्कळ अधिक असते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. अधिक प्रमाणात हुंगल्यास डोळे, नाक व घसा यांचा दाह, डोकेदुखी आणि गुंगी संभवते. साठवण थंड, हवेशीर जागी व ज्योतीपासून दूर करावी लागते.