तिसऱ्या वर्षी गवत कोण काढणार?

वेलिंग्टन, न्यूझीलंड

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, तिकडं पोरांच्या पर्यावरणाच्या कामाला अनुदान मिळतं म्हणे. आमच्या मंडळाचा अर्ज भरून द्या ना. पाच जूनला हजार झाडं लावतो.’ परदेशात पैसा आहे, फक्त इंग्रजी अर्ज लिहिणारा हवा, असा समज गावाकडे पक्का बसला आहे. तो खोडून काढावा म्हणून हे पत्र.

वर्षभर मी इथल्या एका शाळेच्या मुलांबरोबर ओढ्याकाठच्या कामात आहे. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की हातात रोप येतं, इथे पहिल्यांदा सापळा येतो. या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे पक्षी बिनधास्त जमिनीवर घरटी करायचे. माणसांबरोबर उंदीर आले. फरच्या धंद्यासाठी १८३७ मध्ये पोसम नावाचे प्राणी आणले. ससे फार झाले म्हणून १८८० च्या दशकात स्टोट हा लांबोडका शिकारी प्राणी सोडला. अंडी आणि पिल्लं फस्त होऊ लागली. २०५० पर्यंत या आगंतुकांचा नायनाट करायचा, असं सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलं. म्हणून शनिवारी सकाळी बारा वर्षांची मुलगी हातमोजे घालून लाकडी पेटी उघडते, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढते, सापळ्याला शेंगदाण्याचं लोणी लावते आणि पेटीचा क्रमांक, तारीख, प्राणी लिहून ठेवते. पहिल्या दिवशी माझ्या पोटात कालवलं. पण याच शहरात १९९९ साली २२५ हेक्टर जंगलाभोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण घातलं, तीन वर्षांनी तिथे काका जातीचे पोपट सोडायला सुरुवात झाली, आणि आज ते माझ्या खिडकीसमोर ओरडतात. मुलीच्या वहीतल्या नोंदींचं फळ दिसतं.

आता अर्जाचं. आम्हीही ओढ्याकाठी झाडं लावायला पैसे मागितले होते. अर्जात प्रश्न होते: जमीन कुणाची, मालकाची लेखी परवानगी कुठे आहे? तिथल्या माओरी जमातीशी बोललात का, त्यांचं म्हणणं काय? मुलांसोबत जाणाऱ्या मोठ्यांची पोलीस पडताळणी झाली का? तुमची नोंदणी नसेल तर कुठली नोंदणीकृत संस्था पैसे सांभाळणार? ही सगळी उत्तरं मी दिली. तरी अर्ज परत आला, एका प्रश्नासाठी: तिसऱ्या वर्षी गवत कोण काढणार?

इथे रोपं थंडीत लावतात. नंतर प्रत्येक वसंतात आणि शरदात रोपाभोवतीचं गवत हाताने काढावं लागतं, नाहीतर रोप गुदमरतं. दोन-तीन वर्षं हे चालतं. आम्ही अर्जात किती रोपं लावणार ते लिहिलं होतं. पैसे देणाऱ्यांना किती जगणार ते हवं होतं. मला आपली २०१९ ची तेहतीस कोटी झाडांची मोहीम आठवली. खड्ड्यांचे, रोपांचे, हातांचे फोटो किती निघाले! चैतात त्या खड्ड्यांकडे कोण फिरकलं?

भाच्याला हेच विचारलं, तर म्हणाला, ‘पोरं करतील की, फुकट.’ माझी चिडचिड होते ती इथे.

इथे पोरं फुकट करतात, हे खरं. आईबाप मोटारीतून सोडतात, थर्मासमधून कॉफी पितात, आणि मुलांच्या तासांचं मोल संस्था आपला वाटा म्हणून अर्जात दाखवते. मला त्या शनिवारांचा हेवा वाटतो. पोशेऱ्यातल्या पोराला असा शनिवार नाही. नागली-वरई निघाली, दिवाळी झाली, की मोखाडा-जव्हारचे पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात. नेमका तेव्हाच ओढ्याला पाणी वाहतं असतं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा हंगाम तोच. बंधाऱ्याची वेळ आणि भट्टीची वेळ एक. पाच जूनच्या झाडांचंही तेच: लावायला सगळे, आणि माघात वणवा लागतो तेव्हा हातात हिरवी डहाळी घेऊन धावायला म्हातारी माणसं. एवढा पाऊस झेलणाऱ्या या मुलुखातून वैतरणा मुंबईला पाणी पुरवते आणि पाड्यावरची बाई उन्हाळ्यात टँकरची वाट बघते. या पोराकडून फुकट दिवस मागायचा आपल्याला काय अधिकार?

मजुरी देऊन तरुणांकडून संवर्धन करून घेणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. अमेरिकेने मंदीत, १९३३ ते १९४२ या काळात, सुमारे तीस लाख तरुणांना जंगलाच्या आणि मृदसंधारणाच्या कामाला लावलं. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस थेट घरी. आणि महाराष्ट्राने तर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, हे आपल्याच मातीतलं शहाणपण. मग आपल्या तरुण मंडळाच्या अंदाजपत्रकात रोपं, टी-शर्ट, बॅनर असतात आणि मजुरी का नसते?

पैशाचं म्हणाल, तर इथल्या संस्थेचा पैसा गावच्या मंडळाला असा सहज पाठवता येत नाही. परदेशी देणगीच्या कायद्याखाली स्वतःची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्यात किमान पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० पासून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून तो फिरवायलाही बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये जी सोय आहे, नेमकी तीच आपल्याकडे बंद.

पण भाच्याला मी खडसावलं ते दुसऱ्या कारणासाठी. मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो, आणि तो ज्या कामांवर खर्च करायचा त्यांत वन, वन्यजीव आणि जलसंधारण आहे. खर्च कशावर, ते ग्रामसभा ठरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण करायचा हक्कही ग्रामसभेला दिला. म्हणजे जमीन कुणाची, स्थानिक लोकांचं म्हणणं काय, हे जे प्रश्न इथला अर्ज मला विचारतो, त्यांची उत्तरं आपल्या कायद्यात लिहिलेली आहेत. ग्रामसभेत हात वर करून ती मागायची आहेत. भाचा एकाही ग्रामसभेला गेलेला नाही.

मी त्याला सांगितलं, अर्ज राहू दे, ग्रामसभेपुढे बंधाऱ्याचा आराखडा ठेवू. मंडळातल्या पोरांची यादी कर आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिही, होळीला तो कुठे असतो.

चार दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. निम्म्याहून जास्त नावांपुढे एकच शब्द होता: भट्टी. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मामा, बंधारा किती दिवसांचा, मजुरी किती धरू?’

आमच्या आराखड्याची सुरुवात आता त्या पानापासून होईल.