सिंदखेडराजाची सहल : मुलांना काय दाखवाल?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांची एक तरी सहल सिंदखेडराजाला जातेच. पण सहलीत होतं काय? राजवाड्याच्या दरवाज्यात फोटो, जिजाऊंच्या जन्मस्थानी नमस्कार, डबे खायचे आणि गाडीत बसायचं. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, काय पाहिलं? "वाडा पाहिला, सर!" एवढंच उत्तर येतं.

म्हणून या वेळी क्रम थोडा बदलून बघा.

आधी राजवाडा पाहा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला. वडील लखुजी जाधवराव सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मातब्बर सरदार. मग पुतळा बारव, मोती तलाव आणि चांदणी तलाव दाखवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचे हाल कसे होतात हे मुलांना सांगावं लागत नाही. तेव्हा त्यांनाच विचारा, राहायला वाडा बांधला ते ठीक, पण दोन तलाव कशाला बांधले असतील? उत्तर मुलंच देतील.

शेवटी लखुजीरावांच्या समाधीजवळ मुलांना सावलीत बसवा, वह्या काढायला सांगा. फळ्यावरचं गणित इथे करायचं आहे.

२५ जुलै १६२९. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दगा देऊन ठार मारलं. म्हणजे जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. आता दुसरी तारीख लिहायला सांगा : १९ फेब्रुवारी १६३०, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म.

मधले महिने मुलांना मोजू द्या. सात महिनेही भरत नाहीत. म्हणजे माहेर असं उजाड झालं, तेव्हा ३१ वर्षांच्या जिजाऊंच्या पोटात शिवराय होते.

इथे थोडा वेळ काहीच बोलू नका. आमच्या पुस्तकात जिजाऊ म्हणजे "शिवरायांची आई" एवढं एकच वाक्य मुलांना पाठ असतं. त्या आधी कुणाची तरी लेक होत्या, बहीण होत्या, हे समाधीसमोर बसल्यावर जास्त कळतं. स्वराज्याची ओढ कुठून आली, हा प्रश्न मग एखादी मुलगी स्वतःहून विचारते.

तो प्रश्न वहीत लिहून घ्या. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करा.