दुधाचे दात आणि आईचे दूध

बाळाला दात आले, आता अंगावरचे तोडा, असा सल्ला आपण अनेक घरांत ऐकतो. तो कितपत बरोबर आहे, ते पाहू या.

साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दोन दात प्रथम दिसू लागतात. बाळ दूध ओढते तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते आणि दात व स्तन यांच्यामध्ये राहते. म्हणजे नीट दूध ओढत असताना बाळ या दातांनी चावू शकत नाही.

मग चावा केव्हा बसतो? बहुधा पोट भरल्यावर, बाळ पेंगताना किंवा खेळू लागल्यावर. तेव्हा जीभ मागे सरते आणि शिवशिवणाऱ्या हिरड्या दाबल्या जातात. अशा वेळी बाळाला ओढून काढू नये. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून पकड सोडवावी. पाजण्यापूर्वी थंड, ओले, स्वच्छ फडके चघळायला द्यावे.

सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत 2 वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या दाताला घाबरून दूध तोडले, तर बाळाचे दीड वर्षाचे हक्काचे दूध जाते.