इटालियन मोटारसायकल : नव्या मालकाचे नित्याचे प्रश्न

वाहन घरी आणणे सोपे, ते नांदविणे कठीण, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. दुकानात नवा माल भरताना आपण त्याची किंमत पाहतो, खप पाहतो, टिकाऊपणा पाहतो आणि बिघडल्यास तो परत कोण घेणार हेही विचारून ठेवतो. परंतु घरातील तरुणाच्या हौसेसाठी वाहन घ्यावयाचे झाले, की हा हिशेबी स्वभाव आपण पेढीवरच ठेवून निघतो. इटालियन मोटारसायकलीविषयी अशा कुटुंबांतून जे प्रश्न आम्हांस विचारले जातात, त्यांची उत्तरे एकत्र द्यावीत, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जामसांवलीच्या निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास नवे वाहन हार घालून आणावयाचे, ही सौंसर-पांढुर्णा भागातील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या वाहनांत पूर्वी सायकली असत, मग स्कूटर आल्या, आणि आता क्वचित एखादी रंगीत, पुढे झुकून चालवावयाची इटालियन नावाची मोटारसायकलही दिसू लागली आहे. तिच्यामागे घरातील काही लाखांची रक्कम आणि घरातील एक तरुण जीव, अशा दोन मोलाच्या गोष्टी असतात. म्हणून तिचे प्रश्न किरकोळ समजू नयेत.

ओळख जुनीच आहे

इटालियन दुचाकी आपल्याला नवी नाही. पियाजिओ कंपनीची व्हेस्पा स्कूटर इटलीत १९४६ साली निघाली. बजाज समूहाने १९६० साली त्या कंपनीशी करार करून ती पुण्यात बनविण्यास प्रारंभ केला; १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ पासून तीच परंपरा चेतक या नावाने पुढे चालली. मिलानच्या इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या संस्थेने आपल्याकडे आणली. १९७२ साली घराघरांत आलेली लूना ही मोपेडही पियाजिओच्या चाओ या छोट्या गाडीवर आधारलेली होती, आणि ती देणारे हस्तीमल फिरोदिया हे मूळच्या अहमदनगरच्या आपल्याच समाजातील कुटुंबातले, ही गोष्ट आपल्या सभासदांस अभिमानाची वाटेल.

ही वाहने आपल्याकडे रुजली, याचे कारण उघड आहे. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळू लागले आणि त्यांची नस ओळखणारा मिस्त्री प्रत्येक पेठेत तयार झाला. गाडीचे मूळ गाव कोणते, याची आठवणही पुढे कोणी काढली नाही.

आजच्या इटालियन मोटारसायकलींपैकी एक तर महाराष्ट्रातच तयार होते. व्हेनिसजवळील नोआले या गावी स्थापन झालेली एप्रिलिया कंपनी २००४ मध्ये पियाजिओने विकत घेतली. तिची आरएस ४५७ ही मोटारसायकल बारामतीच्या कारखान्यात बनते. २०२३ च्या डिसेंबरात तिची भारतातील शोरूम-किंमत ४ लाख १० हजार रुपये जाहीर झाली. तिचे इंजिन ४५७ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि पाण्याने थंड होणारे असून शक्ती सुमारे ४७ अश्वशक्ती आहे. युरोपातील मधल्या दर्जाच्या परवान्यास ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, त्या मर्यादेस धरूनच ती आखलेली आहे. पुढील विवेचनात उदाहरणादाखल आम्ही हीच गाडी समोर ठेवली आहे; बाकीच्यांनाही ते बहुतांशी लागू पडेल.

पैसे मोजण्यापूर्वी

पहिला प्रश्न किमतीचा नसून दुरुस्तीचा असावा. नजीकचे अधिकृत दुरुस्तीकेंद्र कोठे आहे? सौंसरहून नागपूर साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून त्याहून अधिक. प्रत्येक सर्व्हिसिंगसाठी तितके जाणे, येणे आणि दुकानाचा एक दिवस, असा खर्च धरावा लागतो. केंद्र नागपुरात नसून आणखी दूर असेल, तर तो हिशेब दुप्पट-तिप्पट होतो. ब्रेकचे पॅड, क्लचची केबल, आरसा, ब्रेकचा दांडा, ऑइल फिल्टर या पाच वस्तूंची किंमत आणि त्या किती दिवसांत मिळतात, हे विक्रेत्याकडून लेखी मागावे. गाडी उभ्या जागी जरी पडली, तरी प्रथम मोडतात ते आरसा आणि दांडा.

दुसरा प्रश्न विक्रेत्याच्या पायाचा. बेनेली हे १९११ पासूनचे इटालियन नाव. त्याची मालकी २००५ पासून चिनी कंपनीकडे आहे. भारतात या गाड्यांची व्यवस्था प्रथम पुण्याच्या एका समूहाकडे होती, आणि २०१८ मध्ये ती हैदराबादच्या दुसऱ्या समूहाकडे गेली. एजन्सी अशी हात बदलते, तेव्हा हमीचे कागद आणि सुटे भाग यांचे काय होणार, ही चिंता गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते. व्यापारी माणसास हे अधिक सांगावयास नको.

नोंदणी, विमा आणि जमाखर्च

आपला भाग राज्याच्या सीमेवर. गाडी नागपुरात घ्यावयाची आणि चालवावयाची मध्य प्रदेशात, असे नेहमी घडते. कायद्याने नोंदणी ही मालकाचे निवासस्थान वा व्यवसायाचे ठिकाण, जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाते, ज्या राज्यात असेल त्या राज्यात करावयाची असते. म्हणून नागपुरात खरेदी केल्यास तात्पुरती नोंदणी घेऊन गाडी आपल्या राज्यात आणावी व येथेच कायम नोंदवावी. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर तेथील नवा क्रमांक घ्यावाच लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर तालुका त्यात आला आहे. तेव्हा कागदांवरील जिल्ह्याचे नाव पत्त्याच्या पुराव्याशी जुळते, याची खात्री करावी.

विम्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा आहे. तो केवळ दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. आपली गाडी चोरीस गेली वा मोडली, तर भरपाई देणारा विमा वेगळा असतो, आणि तो बहुधा वर्षाचाच घेतलेला असल्याने दरवर्षी नवा करावा लागतो. पाच वर्षांची पॉलिसी कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्याची दुसऱ्या वर्षी चोरी झाली, तर हाती काही येत नाही.

आता आपल्या पेढीवरचा प्रश्न : गाडी दुकानाच्या नावावर घेऊन कराची वजावट मिळेल काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरील गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ४५७ सीसीची गाडी दुसऱ्या वर्गात पडते. माणसांच्या वाहतुकीसाठी घेतलेल्या अशा वाहनावरील कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट सामान्य दुकानदारास मिळत नाही. आयकरातही खर्च आणि घसारा जितका वापर धंद्यासाठी, तितकाच मान्य होतो. मुलाच्या हौसेची गाडी मुलाच्याच खात्यात लिहावी, हे सरळ आणि सुरक्षित.

आजोबांचा सल्ला आणि नवे यंत्र

घरातील ज्येष्ठांनी आयुष्यभर व्हेस्पा किंवा लँब्रेटा चालविलेली असते, आणि त्यांचे अनुभव मोलाचे असतात. परंतु ती दोन-स्ट्रोक इंजिने होती. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. आजची गाडी चार-स्ट्रोक आहे. तिचे ऑइल इंजिनात वेगळे असते, आणि पेट्रोलच्या टाकीत ऑइलचा थेंबही घालावयाचा नाही. स्कूटर सुरू होईना की ती एका बाजूस आडवी करावयाची, ही युक्तीही येथे चालणार नाही. गाडीला किक नाही. बॅटरी उतरली तर गाडी थांबली. दोन-तीन आठवडे गावी जाणार असाल, तर बॅटरीस योग्य चार्जर जोडून ठेवावा.

पेट्रोल कोणते घालावे? मालकाच्या पुस्तिकेत जो ऑक्टेन सांगितला असेल तो पाहावा. त्याहून महाग पेट्रोल घातल्याने अधिक काही हाती लागत नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. नवी गाडी त्यासाठी बनविलेली आहे, याची विक्रेत्याकडून खात्री करावी. इथेनॉल हवेतील ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा तर आपला लाडका प्रश्न. त्याचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नये. टाकी काठोकाठ भरावी, आकडा टिपावा, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखे चालवून पुन्हा तितकीच भरावी, आणि भागाकार करावा. असे तीनदा केले, की खरा आकडा कळतो.

पहिले काही आठवडे आणि नंतर

नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसावयाचे असतात. या काळात पुस्तिकेतील मर्यादेच्या आत, पण वेग बदलत चालवावे. फार वेळ एकाच वेगाने धरू नये, आणि उंच गिअरमध्ये कण्हत ओढूही नये. पहिल्या सर्व्हिसिंगसाठी किलोमीटर आणि मुदत असे दोन आकडे दिलेले असतात. त्यांतील जो आधी येईल तो पाळावा. चुकल्यास हमीवर परिणाम होऊ शकतो.

साखळी साधारण पाचशे किलोमीटरला, आणि पावसात त्याआधीच, पुसून तिला साखळीचेच तेल लावावे. अशा गाड्यांस बहुधा मधला स्टँड नसतो. म्हणून मागचे चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घेणे श्रेयस्कर. टायरची हवा गाडी थंड असताना सकाळी तपासावी. टायर ट्यूबलेस असल्याने पंक्चरसाठी पट्ट्यांचा संच आणि छोटा पंप सोबत असावा. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा साखळीवर, बेअरिंगवर आणि बटणांवर मारू नये, आणि तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी गर्दीत गाडीचा पंखा फिरू लागतो आणि गरम हवा पायांवर येते. तो बिघाड नव्हे, पाणी थंड करण्याची ती व्यवस्थाच आहे. मात्र कूलंटची पातळी इंजिन गार असतानाच पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास हात भाजतो.

सर्वांत महत्त्वाचे

बाजारात रोज दिसणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीची शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती असते. सत्तेचाळीस म्हणजे जवळजवळ सहापट. तीच मूठ, तोच मनगटाचा पीळ. परिणाम मात्र सहापट लवकर. आणि आपला रस्ता इटलीतला नाही. सिल्लेवानीच्या घाटातील वळणे, संत्र्यांच्या हंगामातील भरलेले ट्रक, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, गावाच्या वेशीवरील न रंगविलेला गतिरोधक आणि संध्याकाळी घरी परतणारी गुरे, हे सारे तिच्या वाटेवर आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून गाडीला एबीएस आहे, परंतु थांबण्यास लागणारे अंतर ते नाहीसे करीत नाही.

म्हणून प्रथम सहा महिने रात्री दूरचा प्रवास नको. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि हनुवटीचा पट्टा बांधलेले असावे. मागे बसणाऱ्यासही तेच. मागची बैठक अरुंद व उंच असते, तेव्हा आजीस वा लहान मुलास तिच्यावर नेण्याचा विचारच करू नये. परवाना गिअरच्या वाहनाचा असल्याशिवाय किल्ली देऊ नये, मग हट्ट कितीही असो.

घरातील वडिलांनी नुसते ‘जपून जा’ म्हणण्यापेक्षा गाडीची एक वही उघडावी. तीत पेट्रोल, ऑइल, हवा, साखळी, विम्याची तारीख आणि सर्व्हिसिंगचा किलोमीटर, अशी सहा खाती असावीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिता-पुत्रांनी ती वही मिळून पाहावी. जो मुलगा वाहनाचा जमाखर्च नीट ठेवतो, तो वेगाचाही हिशेब ठेवू लागतो, असा आमचा विश्वास आहे. आणि उद्या पेढीची किल्ली हाती देताना त्याच्या वडिलांसही अधिक विचार करावा लागणार नाही.