चंद्रावरचा ससा, सह्याद्रीचा कातळ

पौर्णिमेला मुलांना चंद्रावरचा ससा दाखवता ना? तो ससा म्हणजे थिजलेला लाव्हा. १६५१ साली रिचोलीने त्या डागांना समुद्रांची नावं दिली. सशाचं डोकं म्हणजे शांतिसागर. तिथे पाणी कसलं! प्रचंड अशनी आदळून खोलगट खड्डे पडले, आणि पुढे कोट्यवधी वर्षं आतला लाव्हा भेगांतून वर येऊन त्यांत साचत गेला. १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ने शांतिसागरातून दगड आणले, त्यांत निघाला बेसाल्ट. आपल्या सह्याद्रीचाही कातळ तोच! वय मात्र बघा: सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षं, तिकडचा साडेतीनशे कोटींहून जास्त. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला असे डाग फारच थोडे. तिकडचं कवच जाड, म्हणून लाव्हाला वाट मिळाली नसावी. आणि हो, ऑस्ट्रेलियातल्या नातवंडांना फोनवर ससा दाखवणार असाल, तर आधी सांगा: तिकडे तो उलटा दिसतो.