चाकांवरच्या घराचे वजन किती?

अमेरिकेत अनेक कुटुंबे सुट्टीत मोटारीमागे चाकांवरचे घरच जोडून प्रवासाला निघतात. या घराला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. भरलेल्या ट्रेलरचे वजन कसे अजमावायचे, ते पाहू.

समजा, रिकामा ट्रेलर १,८०० किलोग्रॅम भरतो. टाकीत १५० लिटर पाणी घेतले. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम. म्हणजे १५० किलोग्रॅम वाढले! गॅसच्या टाक्या व बॅटरी यांचे ५०, भांडी, अंथरुणे, कपडे व शिधा यांचे २५० धरा. बेरीज झाली २,२५० किलोग्रॅम. मोटारीची ओढण्याची मर्यादा २,००० असेल, तर? रिकामा चालणारा ट्रेलर भरल्यावर धोक्याचा ठरला! उतारावर ब्रेक दाबूनही तो लवकर थांबणार नाही.

सामान कोठे ठेवले, यालाही महत्त्व आहे. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडावर यावा लागतो. जड वस्तू मागे ठेवल्या, की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. म्हणून जड सामान तळाशी, चाकांच्या किंचित पुढे ठेवावे. शेवटी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन आपला अंदाज पडताळावा. अंदाजाने धोका आधी कळतो; खात्री मात्र काटाच देतो.